वाचून दाखवलं, मान्य आहे

स्टेनो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे साहेबांच्या केबिनबाहेर बसून नखं रंगवणारी बाई येते. मी पनवेलच्या कामगार कार्यालयात जवळजवळ तीस वर्षं स्टेनो होते आणि माझ्या नखांत कायम कार्बनची निळी रेघ असायची. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती गेली नव्हती. मेंदी लावणाऱ्या मुलीने विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "सरकारी मेंदी."

शॉर्टहँड म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. माझी वही बघून त्या म्हणायच्या, कोंबडी नाचून गेली वाटतं. तर ते असं असतं. शब्द कागदावर कसा लिहितात याच्याशी शॉर्टहँडला देणंघेणं नसतं, कानाला कसा ऐकू येतो एवढंच ती बघते. बारीक रेघ, जाड रेघ, रेघेच्या डोक्यावर टिंब, पायाशी टिंब. बोलणारा बोलत जातो आणि आपण रेघा ओढत जातो. माझा वेग मिनिटाला एकशेवीस शब्दांचा होता आणि आमच्या जिल्ह्यात मराठीत तेवढा वेग असलेली दुसरी बाई नव्हती. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी फुशारकी आहेच.

पण खरी मेहनत रेघांत नसते, त्यानंतरच्या टायपिंगमध्ये असते. माणसं वाक्यं पुरी करत नाहीत. आमचे एक साहेब 'सदरहू प्रकरणी' अशी झोकात सुरुवात करून 'जाऊ दे, लिहा काहीतरी' असा शेवट करायचे. त्या 'काहीतरी'ची आठ ओळींची सुबक टिपणी करायची, हे माझं काम. तळोज्याच्या एका कारखान्याचा संप मिटवायला मालक आणि युनियनचे पुढारी आमच्याकडे समोरासमोर बसले, तेव्हा दोघांनी एकमेकांची आईबहीण काढली. मी इतिवृत्तात टाइप केलं, 'उभयपक्षी तीव्र मतभेद व्यक्त झाले.' दुसऱ्या दिवशी पुढारी हळूच येऊन म्हणाले, "म्हात्रे बाई, अब्रू राखलीत." संध्याकाळी मालकाचा माणूस येऊन तेच सांगून गेला. मला वाटायला लागलं, लोकांचं बोलणं धुऊन, इस्त्री करून परत देणं म्हणजे त्यांच्यावर उपकारच आहेत.

या धुण्याची सवय मला लागली त्याला आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकते. मी उरण रस्त्यावरच्या गावची. आमची भातशेती होती, खाडीकाठी मिठागरात वाटा होता. नवीन शहरासाठी जमीन गेली. घरात आम्ही 'आमी' आणि 'तुमी' म्हणायचो, 'हाय' आणि 'नाय' म्हणायचो. पनवेलला टायपिंगच्या क्लासला घातलं, तेव्हा तिथले सर माझ्या तोंडून 'नाय' निघालं की मला उभं करायचे आणि दहा वेळा 'नाही' म्हणायला लावायचे. बाकीच्या मुली हसायच्या. वर्षभरात माझी भाषा स्वच्छ झाली. इतकी, की नोकरी लागल्यावर आई एकदा डबा द्यायला कार्यालयात आली आणि दारातून मोठ्याने "बाय, जेवलीस का नाय?" म्हणाली, तेव्हा मी तिला घाईघाईने बाहेर नेलं. पायऱ्यांवर उभी राहूनच तिच्याशी बोलले.  पुन्हा ती कधी कार्यालयात आली नाही.

ही पार्श्वभूमी लांबली, पण ती नसती तर पुढचं घडलं नसतं.

न्हावा शेवा बंदर सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. नवीन पनवेलात सेक्टरमागून सेक्टर उठत होते. सकाळी मोकळं दिसलेलं मैदान दिवाळीपर्यंत चार मजल्यांचं व्हायचं. त्या दिवसांत दिल्लीहून कळवण्यात आलं की संसदेची एक समिती पनवेलला येणार आहे. बांधकाम मजुरांसाठी कायदा करायचा घाटत होता आणि गरिबांना परवडतील अशी घरं कशी बांधायची हाही प्रश्न समितीपुढे होता. घरं बांधणारी माणसं आणि घरं नसलेली माणसं बहुतेक एकच, हे दिल्लीत कुणाच्या तरी लक्षात आलं असावं, म्हणून दोन्ही विषय एकाच समितीकडे दिले होते.

समिती येते म्हणजे काय होतं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. आधी 'दाखवायच्या जागां'ची यादी होते. मग त्या जागा दाखवण्यासारख्या केल्या जातात. एका साइटवर पिण्याच्या पाण्याची नवी कोरी टाकी आली, तिच्यावर कंपनीचं लेबल तसंच होतं. मजुरांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या आल्या. त्या सकाळी एका साइटवर आणि दुपारी दुसऱ्या साइटवर दिसल्या. त्यानंतर साक्षीदार ठरतात. समिती नुसती फिरत नाही, ती माणसांना समोर बसवून प्रश्न विचारते. ते बोलणं लिहून घेतलं जातं, साक्षीदाराला वाचून दाखवलं जातं आणि त्याची सही झाली की दिल्लीला जातं. अहवालात जे छापायचं ते त्या कागदावरूनच. दोन ठेकेदार, एक इंजिनिअर, एक युनियनवाले, असे साक्षीदार ठरले. यादीत पाचवं नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, 'एक प्रत्यक्ष कामगार, शक्यतो महिला.'

साहेब म्हणाले, "म्हात्रे बाई, तुम्ही इकडच्या. तुम्हीच शोधा. आणि दुभाष्याचं कामही तुम्हीच करा. बाहेरून माणूस आणला तर त्याला या लोकांचं बोलणं कळायचं नाही."

अशी मी सोमीला भेटले.

एका चार मजली इमारतीच्या मागे सात झोपड्या होत्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या शिवून केलेल्या भिंती, वर काळं प्लास्टिक. माणसं माथेरानच्या डोंगराखालच्या कातकरी वाडीतली. सोमी तिशीची असेल, डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढत होती. तिची मुलगी दुसरीत होती. आणि ती तिची तिसरी शाळा होती. सोमीने हे मला हिशेब सांगावा तसं सांगितलं. बिल्डिंग उठली की झोपडी उठते, झोपडी उठली की शाळेतून नाव निघतं.

मी तिला समितीचं सांगितलं. ती हसली. "मी काय बोलनार बाय? मला बोलता येत नाय."

"आत्ता बोललीस की."

"ते तुज्याशी. तू आपल्यातली वाटते."

मला ते तितकंसं आवडलं नाही, पण मी म्हटलं, "तुला वाटेल ते बोल. मी आहे तिथे. त्यांना नीट समजावून सांगेन."

तेव्हा आम्ही कार्यालयातले सगळेच मजुरांना अरेतुरे करायचो. कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं, मलाही नाही.

साक्षी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये झाल्या. हिरव्या कापडाची लांब टेबलं, पाण्याचे ग्लास झाकलेले, बशांत क्रीमची बिस्किटं. अध्यक्ष वयस्कर होते, बहुधा दक्षिणेकडचे. हिंदी सावकाश आणि जपून बोलायचे. दोन्ही ठेकेदारांनी तासभर घेतला. मजूर म्हणजे आमच्या कुटुंबातली माणसं, असं दोघांनीही सांगितलं. जेवणाची वेळ जवळ आली. त्यानंतर मंडळींना बंदर बघायला जायचं होतं. साहेब माझ्याकडे बघून घड्याळावर बोट आपटत होते आणि मग सोमीला आत बोलावलं.

ती धुवट लुगडं नेसून आली होती. खुर्चीच्या अगदी कडेला बसली. अध्यक्षांनी तिला नाव विचारलं, गाव विचारलं, ठेकेदार रोज कामावर घेतो का ते विचारलं. तिने एकेका शब्दात उत्तरं दिली आणि मी ती हिंदीत सांगितली. मग अध्यक्ष पुढे झुकले आणि म्हणाले, "इनसे पूछिए, सरकार इनके लिए एक ही काम करे, तो कौन सा करे?"

मी विचारलं. आणि सोमीचं बोलणं सुटलं.

"एकच का? मंग ऐक. घर भेटला तं कोनाला नको बाय? पन घर आमाला कोन देनार, आमच्याकडं कागूद नाय. रेशनकार्ड वाडीवर, आमी हितं. ही बिल्डिंग झाली का मुकादम झोपड्या मोडाय लावतो. मंग जायाचा दुसरीकडं, तिथं पन तेच. पोरीचा नाव शालंत घालायचा नि काढायचा. त्यांना सांग, दुसरा काम भेटंपर्यंत झोपडी मोडू नका. दोन म्हयने, तीन म्हयने, रावू द्या. नि आमची नावा कुठंतरी लिवा. ही मानसा हितं र्‍हातात, असा लिवा. बाकी काय नाय."

हे सगळं मी रेघांत उतरवलं. एकही शब्द सुटला नाही. माझा हात त्या दिवशी इतका छान चालत होता.

आणि ऐकता ऐकता माझे कान तापले. 'नावा', 'मानसा', 'रावू द्या'. हिरव्या टेबलापलीकडे दिल्लीचे लोक, अलीकडे आमचे साहेब, आणि मध्ये माझ्या आईच्या आवाजात कुणीतरी मोठमोठ्याने बोलतंय, असं मला वाटलं. ते थांबावं एवढंच मला हवं होतं. आता वाटतं, ते सगळं हिंदीत सांगायला मला मिनिटभरसुद्धा लागलं नसतं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "इन्हें अपने बजट में एक छोटा सा मकान चाहिए."

त्यांनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं.

सोमी माझ्याकडे वळली. "झाला सांगून? माझा तं लांब व्हता."

"हिंदीत थोडक्यात होतं," मी म्हटलं.

तिने ते खरं मानलं. न मानायला तिच्याकडे काय होतं?

उठता उठता अध्यक्ष म्हणाले की या बाईंच्या साक्षीत तातडीचं काही असेल तर मी दिल्लीत पोचल्यावर स्वतः संबंधित खात्याला पत्र लिहीन, अहवालाची वाट बघणार नाही. पंधरा दिवसांत पूर्ण साक्ष पाठवा. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, साहेबांकडे नाही.

मग राहिला अंगठा. आमच्या कार्यालयात एक रीत होती. माणूस शिकलेला नसेल आणि पुन्हा सापडायची खात्री नसेल, तर साक्षीच्याच दिवशी कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेऊन ठेवायचा. मजकूर नंतर टाइप करायचा. ही रीत मी सुरू केली नव्हती, पण मला ती सोयीची वाटायची, आणि माणसाची एक खेप वाचते म्हणून भलेपणाचीही वाटायची. वीटभट्टीवरचे मजूर, बांधकामावरचे मजूर, आज इथे तर उद्या कर्जतला. मी व्हरांड्यात सोमीला शाईचं पॅड दिलं, तिने अंगठा बुडवला आणि मी दाखवलं तिथे, पानाच्या अगदी तळाला टेकवला. वरचं सगळं पान पांढरं होतं. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "हितं माझा बोलना येनार?" मी हो म्हटलं. शाई पुसायला मी तिला माझा रुमाल दिला. बशीत उरलेली बिस्किटं कागदात बांधून मुलीसाठी दिली. ती खूश होऊन गेली.

अकराव्या दिवशी मी वही उघडली. सगळं जसंच्या तसं होतं. 'झोपडी मोडू नका.' 'नावा कुठंतरी लिवा.' टाइपरायटरला कागद लावला आणि माझ्या लक्षात आलं की समितीबरोबर आलेल्या दिल्लीच्या स्टेनोने माझं हिंदी वाक्य लिहून नेलेलं आहे. मी आता सोमीचं पूर्ण बोलणं पाठवलं तर दोन कागद शेजारी शेजारी ठेवून कुणीतरी विचारणार, हे त्या दिवशी का सांगितलं नाही? साहेबांना विचारणार, आणि साहेब मला.

विचारलं असतं तर काय झालं असतं? फार तर ठपका. 'दुभाष्याकडून अनवधानाने अपुरा अनुवाद झाला,' असं एक वाक्य मीच टाइप केलं असतं. मला अशी शेकडो वाक्यं येत होती. पण माझ्या कामात तोवर एकही चूक निघाली नव्हती आणि मला ती निघू द्यायची नव्हती.

मी टाइप केलं:

'साक्षीदाराने आपल्या कुटुंबासह तात्पुरत्या निवाऱ्यात वास्तव्य असल्याचे निवेदन करून, आपल्यासारख्या अल्प उत्पन्न गटातील श्रमिकांना परवडेल अशा दरात स्वतःच्या मालकीचे छोटे घर उपलब्ध व्हावे, अशी आग्रहाची मागणी केली. स्वतःच्या घरामुळे मुलांच्या शिक्षणात स्थैर्य येईल, असेही तिने नमूद केले.'

बघा, मुलीची शाळा मी सोडली नव्हती. ती मी फार सुंदर बसवली होती. खाली नेहमीचा मजकूर घातला: 'वरील निवेदन साक्षीदारास वाचून दाखवले व समजावून सांगितले. ते बरोबर असून तिला मान्य आहे.' सोमीचा अंगठा बरोबर त्याच्या खाली आला. ओळींचा अंदाज मी आधीच बांधलेला होता. त्यात माझा हातखंडा होता.

सोमीची झोपडी आमच्या कार्यालयापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होती. हे मी त्या दिवशी टाइपरायटरवर झाकण घालताना मनात म्हटलेलं मला आठवतं. दहा मिनिटं. जाऊन वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, बाय, हे माझा नाय. म्हणूनच मी गेले नाही.

दोन-अडीच महिन्यांनी दिल्लीचं उत्तर आलं. अध्यक्ष शब्दाचे पक्के निघाले. त्यांनी खरंच पत्र लिहिलं होतं. सोमीच्या साक्षीचा उल्लेख करून त्यांनी घरबांधणीच्या खात्याला विचारलं होतं की अशा महिलेला घर देता येईल का. खात्याने तत्परतेने कळवलं होतं की एका खोलीच्या घरांची योजना चालू आहे, इच्छुकांनी अर्ज करावा. सोबत कोरा अर्ज जोडला होता. पत्रावर समितीचा शिक्का, खाली अध्यक्षांची शाईची सही.  ज्या माणसाने माझ्या दोन वाक्यांवर एवढं केलं, त्याने 'झोपडी मोडू नका' यावरही पत्र लिहिलं असतं. दिल्लीच्या शिक्क्याचं पत्र आलं असतं तर कुठल्या मुकादमाची हिंमत झाली असती? कायदा बदलला असता असं मी म्हणत नाही. माझ्या टाइपरायटरमध्ये तेवढी ताकद नव्हती. पण त्या सात झोपड्या तीन महिने उभ्या राहिल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्या दिवशी मात्र मी गेले. जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून गेले.

इमारतीला रंग लागला होता. मागच्या बाजूला जमीन सपाट करून फरशी बसवायचं काम चाललं होतं, स्कूटर लावायला. वॉचमन म्हणाला, "ते लोक? स्लॅबचं काम संपलं तेव्हाच गेले. झोपड्या मोडल्या ना. एक बाई लय बोलत होती. म्हणत होती, माझं दिल्लीला लिहून गेलंय, मोडू नका, कागद येईल. मुकादम म्हणाला, दाखव कागद."

मी अर्ज परत आणला. त्यात पहिल्याच रकान्यात वास्तव्याचा पुरावा मागितला होता.

मी साहेबांना सगळं सांगितलं. एकदम नाही, चार-पाच दिवस जाऊ दिले आणि मग सांगितलं. दुरुस्तीचं पत्र पाठवू या, म्हटलं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, दुरुस्तीची मुदत गेली. आता पाठवलंत तर ज्या साक्षीवर अध्यक्षांनी सही करून पत्र धाडलं, तीच खोटी ठरेल. त्या बाईचं यात काय भलं होणार आहे? तुमची मात्र पेन्शन अडकेल." मी चहा प्यायले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

पुढे अहवाल छापून आला. 'पनवेल येथील एका महिला श्रमिकाने' असं म्हणून माझी दोन वाक्यं त्यात जशीच्या तशी होती. साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारून प्रत सगळ्यांना दाखवली. ड्राफ्टिंग कसं असावं याचा नमुना म्हणून.

नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तेव्हा आम्ही घर बघायला लागलो. गावच्या घरात भावांचे संसार वाढले होते आणि सासरचं घर अपुरं पडत होतं. कामोठ्याला नव्या इमारती उठत होत्या, म्हणून एका रविवारी मी आणि आमचे हे तिथे गेलो. बिल्डरचा माणूस ह्यांना किचन दाखवत होता, मी गॅलरीत उभी होते. खाली वाळू चाळणाऱ्या बायकांतली एक मान वर करून माझ्याकडे बघत राहिली.

"बाय! बिस्कुटवाली बाय ना तू?"

केस पांढरे झाले होते, पुढचा एक दात नव्हता. मी जिना उतरून खाली गेले. तिने हात पुसून माझा हात धरला. इतक्या आनंदाने, की मला तो सोडवून घ्यावासा वाटला. मुलगी कुठे आहे विचारलं. तिने चाळणीच्या पलीकडे बोट दाखवलं. सतरा-अठरा वर्षांची पोर फावड्याने वाळू ओढत होती.

"शाळा?"

"चौथीपरत गेली. मंग कटाळली. दर खेपंला नवी शाला, नव्या पोरी. बसवत नव्हती तिला कोन शेजारी."

सोमीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या दिल्लीच्या लोकांबद्दल तिने काहीच विचारलं नाही. मी काय काय ठरवलं होतं, भेटली तर असं सांगेन, तसं सांगेन.  पुढच्या रविवारी येते, एवढंच म्हणाले.

आणि गेले. पर्समध्ये साक्षीची कार्यालयात ठेवलेली झेरॉक्स होती, तिच्या अंगठ्यासकट. तिच्या झोपडीपुढे विटा रचून ठेवल्या होत्या, त्यावर आम्ही बसलो. तिने पाणी दिलं. मी म्हटलं, "तुम्हाला एक वाचून दाखवायचं राहिलंय." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तुम्ही म्हटलं आणि ती हसायला लागली.

हे तुमचं बोलणं आहे, असं आधी सांगायला हवं होतं. मी कागद उघडला आणि नाव, गाव सगळं सोडून देऊन थेट 'साक्षीदाराने' पासून वाचायला सुरुवात केली. दोनच वाक्यं, पण मी ती सावकाश वाचली. जड शब्द सोपे करून सांगितले. 'स्वतःच्या मालकीचे छोटे घर', 'मुलांच्या शिक्षणात स्थैर्य'. 'वाचून दाखवले व समजावून सांगितले' तेही वाचलं.

सोमी गुडघ्यावर हनुवटी टेकून, अगदी मन लावून ऐकत होती. माझं वाचून झालं तशी तिने मान डोलावली.

"चांगली बोलली ती. शिकलेली असंल." मग म्हणाली, "भेटला का बाय तिला घर?"

"नाही," मी म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.